जावळाची मेंढरं

शिरवळच्या त्या सोसायटीत कुणाच्या घरात काय शिजतंय हे जिन्यातच कळायचं. पण तिसऱ्या मजल्यावरच्या सूरजच्या घरातून जो वास यायचा तो शिजण्याचा नव्हता. तो गॅलरीतल्या गोणीचा होता. गोण सिमेंटची, आत लोकर. थंडीभर ती गोण गुमान बसून होती. चैत्राचं ऊन गॅलरीत शिरलं आणि तिने आपलं अस्तित्व सगळ्या जिन्याला कळवलं.

सोसायटीचे सेक्रेटरी नानासो बरोबर खालच्या फ्लॅटात राहत. त्यांनी वासाबद्दल एकदा जिन्यात सांगितलं, एकदा पार्किंगमध्ये सांगितलं, आणि मग सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, की कुणा सभासदाने गॅलरीत जनावर पाळलं आहे का. सूरजने लिहिलं, नाही. ते खरंच होतं.

जनावरं होती ती दिवाळीनंतर विकून झाली होती. सूरजचा बाप बिरदेव जन्मभर माणदेशातून मेंढरं घेऊन निघायचा आणि पाऊसपाणी बघून परत यायचा. मागच्या वर्षी त्याच्या गुडघ्यांनी चालायचं नाकारलं. डॉक्टर म्हणाले, बसून राहा. मेंढरांना हे समजावणं शक्य नव्हतं, म्हणून व्यापारी आला. ट्रकचं फळकूट लावताना बिरदेव पाठ करून उभा राहिला, आणि नंतर विचारलं तेव्हा म्हणाला, की पाणी प्यायला गेलतो. तिथून सूरजने त्याला शिरवळला आणलं. सोबत एक काठी, एक पिशवी आणि ही गोण आली.

गोणीत जावळ होतं. माणसाच्या पोराचं पहिलं जावळ काढतात तसं कोकराचंही काढतात, आणि ती लोकर सगळ्यांत मऊ. तिची घोंगडी अंगाला टोचत नाही. बिरदेवची बायको सुलाबाई मरायच्या आधी एवढंच बोलून गेली होती, की नातीला, उत्कर्षाला, जावळाची घोंगडी करा. आता गावातल्या घोंगड्या विणणाऱ्या सणगराने माग मोडून चुलीत घातला होता, आणि त्याचा पोरगा फलटणला एका गोदामात खोकी उचलत होता. दुसऱ्या गावचा विणणारा म्हणाला, लोकर याच्या दुप्पट लागेल. दुप्पट आणायची तर मेंढरं हवीत. म्हणून गोण तशीच बसून होती आणि बिरदेव तिच्या शेजारी खुर्ची टाकून बसून होता. इमारतीत त्याची कुणाशी ओळख नव्हती. कुणाच्या घरी काही काम असल्याशिवाय जाऊन दाराची घंटा वाजवायची, हे त्याला जमण्यातलं नव्हतं.

"आबा, रविवारी सकाळी घंटागाडीत दिऊया ती," गुरुवारी सूरज म्हणाला. "नानासो लय मागं लागल्यात. रविवारचं कबूल केलंय मी त्यांना."

"दे," बिरदेव म्हणाला. त्या दिवशी त्याने अर्धीच भाकरी खाल्ली आणि दोष उन्हाला दिला.

शुक्रवारी गुड फ्रायडेची शाळेला सुट्टी होती. कंपन्यांना नव्हती. सूरज रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपलेला, सून माया औषधांच्या कंपनीत पॅकिंगला गेलेली. घरात जागे दोघे, बिरदेव आणि दुसरीतली उत्कर्षा. उत्कर्षाच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये तिच्या मॅडम होत्या. मॅडमनी ईस्टरसाठी घरच्या घरी करायच्या सोप्या वस्तूंचा व्हिडिओ टाकला होता. अंडी रंगवायची, सशाचे कान करायचे आणि कोकरू करायचं. रविवारी संध्याकाळपर्यंत फोटो ग्रुपवर हवे होते.

"आज्जा, तू मदत करायची," उत्कर्षा म्हणाली. "व्हिडिओत लिहिलंय, मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली."

देखरेख हे काम बिरदेवला येत होतं. त्याने खुर्ची आत ओढली.

मायाने जाताना अंडी उकडून ठेवली होती. व्हिडिओत एका अंड्यावर फुलं होती, एकावर ठिपके, एकावर इंद्रधनुष्य. उत्कर्षाने पहिल्या अंड्यावर फूल काढायला घेतलं. बिरदेवने रंगाचं विचारलं. घरात गेरू नव्हता, म्हणून उत्कर्षाने आईची नखं रंगवायची लाल बाटली आणून दिली. बिरदेवने आपल्या वाटणीच्या प्रत्येक अंड्यावर डाव्या बाजूला, खालच्या अंगाला, एकसारखा आडवा पट्टा ओढला.

"सगळी सेम का केलीस?"

"आपली खूण हाय ती. दुसऱ्याच्यात मिसळली तर वळखायची कशी?"

उत्कर्षाने यावर विचार केला. मग आपल्या फुलावरही पट्टा ओढून घेतला.

सशाचे कान कंपनीच्या खोक्याच्या पुठ्ठ्याचे झाले. ते डोक्याला बांधून घेतल्यावर बिरदेवने विचारलं, की अंड्यांचा आणि सशाचा काय संबंध. उत्कर्षा म्हणाली, ससाच अंडी आणतो.

"कुणाची?"

"माहीत नाही. आणतो आणि लपवतो. मग मुलं शोधतात."

बिरदेवने आयुष्यात पुष्कळ ससे पाहिले होते, बहुतेक कुत्र्यांच्या पुढे पळताना. त्यांतल्या एकाच्याही तोंडात अंडं नव्हतं. पण शाळेशी वाद घालायचा नाही, हे त्याने सूरजच्या वेळेपासून ठरवलेलं होतं.

कोकरासाठी मॅडमनी कापूस चिकटवला होता. उत्कर्षाने औषधांचा डबा शोधला, त्यात कापसाचा एक बोळासुद्धा नव्हता. मग ती गॅलरीत गेली आणि गोणीत हात घालून मूठभर जावळ बाहेर काढलं.

"ए, ठिव ते!" बिरदेव जागेवरून ओरडला. एवढा आवाज त्याने शिरवळला आल्यापासून काढला नव्हता. आत सूरजने कूस बदलल्याचं ऐकू आलं.

उत्कर्षा मूठ मिटून उभी राहिली. "रविवारी तर घंटागाडीत जाणारेय," ती म्हणाली.

बिरदेवने तिच्या मुठीकडे पाहिलं. मग म्हणाला, "असं ओढू नगं. तुटतंय. हिकडं आण." आणि त्याने बोटांनी लोकर पिंजायला घेतली. त्याच्या बोटांना हे काम आठवत होतं. पुठ्ठ्याचं अंग, काडेपेटीतल्या काड्यांचे पाय, वर लोकर, तोंडाला काजळ. मुठीएवढं कोकरू टीपॉयवर उभं राहिलं. बिरदेवने त्याच्या डाव्या मांडीवर लाल पट्टा ओढला.

"झालं," उत्कर्षा म्हणाली आणि फोटो काढायला फोन उचलला.

"झालं कुठं?" बिरदेव म्हणाला. "हेची आय कुठाय?"

"मॅडमनी एकच सांगितलंय."

"एकलं कोकरू म्हंजी चुकलेलं कोकरू. वरडून वरडून जीव देतंय. ते काय करायचं नसतं, ते हुडकायचं असतंय."

म्हणून आई केली. आईचं तोंड काळं झालं. ते पाहून बिरदेव म्हणाला, "ही काळतोंडी." उत्कर्षाने विचारलं, काळतोंडी कोण. आणि दिवाळीपासून ज्या माणसाने मेंढरांबद्दल एक शब्द काढला नव्हता, तो बोलायला लागला. काळतोंडी लय मायाळू, दुसऱ्याच्या कोकराला पाजायची. कानफाटी तारेच्या कुंपणात अडकलेली. चोरटी रात्री वाघरीच्या जाळ्यातून निसटून कुणाच्याही उसात शिरायची आणि शिव्या बिरदेवला बसायच्या. नाव निघालं की ती मेंढी करावीच लागे. तिला सोडून बाकीच्या केल्या तर ती काय म्हणेल, असा प्रश्न होता.

सूरज उठला तेव्हा दिवाणाखाली कळप होता. त्याने डोळे चोळत ताटातली अंडी पाहिली, चार सोलली, मीठ लावून खाल्ली आणि मग विचारलं, "हे काय चाललंय?"

"पप्पांनी ईस्टर खाल्ला," उत्कर्षा म्हणाली आणि भोकाड पसरलं. राहिलेली अंडी मायाने दुसऱ्या दिवशी सूरजच्याच डब्यात भरली.

शनिवारी दोघांनी सकाळपासून बैठक मारली. डिंक संपला, तेव्हा कणकेची खळ केली. काडेपेट्या संपल्या, तेव्हा मायाने देवापुढची लपवली. लाल बाटली कधी संपली ते तिला संध्याकाळी कळलं. ती बाटलीकडे बघत म्हणाली, "आवं मामा, लग्नाला लावायला आणलीती."

"त्यांनाबी लागतीच की गं," बिरदेव म्हणाला. माया आपल्या नखांकडे आणि मग मेंढरांकडे बघून स्वयंपाकाला लागली.

रविवारी सकाळी सूरजने ठरल्याप्रमाणे गोण उचलली. जड असेल म्हणून दोन्ही हात लावून जोर केला आणि रिकाम्या गोणीसकट मागे कठड्यावर आपटला. आत काही नव्हतं. जे होतं ते हॉलमध्ये उभं होतं. टीव्हीखाली, टीपॉयवर, चपलांच्या स्टँडवर चाळीसएक मेंढरं सूरजकडे बघत होती. वासाने आता गॅलरी सोडून घरात बस्तान मांडलं होतं.

दाराची घंटा वाजली. दारात नानासो होते. त्यांनी आत पाहिलं. त्यांनी जन्मात पुष्कळ सोसायट्यांचे नियम वाचले होते, पण यासाठी त्यांना लगेच नियम आठवला नाही.

"सूरज," ते म्हणाले, "आज रविवार आहे."

"व्हय साहेब. गोण मोकळी केली."

"मोकळी केली म्हणजे घरातच केली ना? हे बघा, मला काही वैर नाही. पण हे आज इमारतीतून गेलं पाहिजे."

खाली कोपऱ्यावर घंटागाडीचं गाणं ऐकू यायला लागलं होतं. बिरदेव खुर्चीतून उठला. त्याला त्या क्षणी नक्की काय वाटलं ते सांगायला अवघड नाही. ट्रकचं फळकूट पुन्हा लागत होतं, आणि यावेळी पाठ करायला जागा नव्हती, कारण मागेही मेंढरंच होती. सुलाबाईने पोरीसाठी ठेवलेलं जावळ भाजीच्या देठांत आणि केसांच्या गुंत्यात जाणार होतं.

"जाणारच आहेत," उत्कर्षा म्हणाली. तिच्या डोक्यावर सशाचे कान होते. "आज शोधायचा खेळ आहे. अंडी पप्पांनी खाल्ली, म्हणून मेंढरं लपवायची. सगळ्या मुलांना सांगितलंय मी. साईराजला पण." साईराज हा नानासोंचा नातू होता आणि तो आजोबांच्या पाठीमागून कधीचा आत डोकावत होता.

"लपवायची म्हंजी?" बिरदेवने विचारलं.

"तू खाली लपव. आम्ही शोधणार. ज्याला सापडेल त्याची."

"ज्याला घावंल त्याची?"

बिरदेवच्या धंद्यात याला चोरी म्हणत. पण घंटागाडी फाटकाशी आली होती, आणि चोरी त्यातल्या त्यात बरी होती. चोर निदान जनावर सांभाळतो.

मेंढरांचं खोकं घेऊन बिरदेव एकेक पायरी करत खाली उतरला. मुलांना जिन्यात तोंड भिंतीकडे करून उभं केलं. बिरदेवने आवारात उभं राहून इकडेतिकडे पाहिलं. जन्मभर त्याने चुकलेलं मेंढरू शोधलं होतं, स्वतः होऊन चुकवायचं कधी काम पडलं नव्हतं. ऊन चढत होतं. त्याने मेंढरांना जिथं जावंसं वाटेल ती जागा निवडली. नळाजवळ, कडुनिंबाखाली, भिंतीच्या सावलीत. उन्हाची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, तशीच त्याने ती उभी केली. कोकरं आतल्या अंगाला, काठाला थोराड. चोरटीला मुद्दाम मध्ये घातलं. मग तो मागे सरकून बसला आणि त्याला फार बरं वाटलं.

मुलं सुटली. पहिलंच पोरगं नळावर पाणी प्यायला गेलं आणि किंचाळलं, "सगळी इथंच आहेत!"

खेळ संपला. मुलं बिरदेवभोवती गोळा झाली आणि एक चिमुरडी म्हणाली, की ह्या आजोबांना लपवता येत नाही. वरून, खिडकीतून, नानासोही बघत होते. त्यांनाही तसंच वाटलं.

"आज्जा, वेगवेगळी लपवायची," उत्कर्षा म्हणाली. "एक इथं, एक तिथं. लांब लांब."

"लांब लांब," बिरदेव म्हणाला.

"हो."

"मग रातीला एकत्र कशी येणार?"

"येणार नाहीत. ती घरी जाणार. सगळ्यांच्या." मग तिने आज्जाचं तोंड पाहिलं आणि त्याचं बोट धरलं. "सांभाळतील की ते. मी सांगते ना त्यांना."

मुलं पुन्हा भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बिरदेवने मेंढरं खोक्यात घेतली. काळतोंडीला मोटारसायकलच्या चाकामागे ठेवलं. कानफाटीला मीटरच्या पेटीवर. लंगडीला फार लांब चालवायची नाही म्हणून तिथंच नळाशी. प्रत्येकीला ठेवताना तो तिच्या पाठीवरून बोट फिरवत होता आणि काहीतरी पुटपुटत होता. एकदा तो टाकीला टेकून उभा राहिला. पण या खेपेला त्याने पाठ केली नाही. शेवटचं मेंढरू ठेवून झाल्यावर त्याने हाळी दिली, माळावर देत होता तशी, आणि मुलं निघाली.

हा खेळ बराच वेळ चालला. ज्याला मेंढरू सापडे तो ते बिरदेवपाशी आणून नाव विचारी, आणि बिरदेव नाव सांगे, खोड सांगे. हिला उन्हात ठेवू नका. ही लाथ मारती. ही बुजती, टीव्हीचा आवाज बारीक ठेवा. ज्यांना दोन सापडली त्यांनी दोन नेली. घंटागाडी केव्हाच निघून गेली होती. दुपारच्या जेवणापर्यंत मेंढरं सगळ्या इमारतीभर पांगली, आणि लोकरीचा जो वास एका गॅलरीत होता तो आता प्रत्येक मजल्यावर, प्रत्येक फ्लॅटात गेला. त्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर मेंढरांचे पुष्कळ फोटो आले. वासाबद्दल कुणी लिहिलं नाही. नानासोंकडे साईराजने काळतोंडी नेली होती, आणि ती शोकेसमध्ये, त्यांना निवृत्तीच्या वेळी मिळालेल्या घड्याळाशेजारी उभी होती.

वर घर रिकामं झालं होतं. मायाने फरशी पुसली. सूरजने गोणीची घडी करून दारामागे ठेवली. बिरदेव गॅलरीत आपल्या खुर्चीवर बसला. शेजारी काही नव्हतं. त्याने हात खाली सोडला, तो गोणीवर पडायचा तिथं अधांतरी राहिला, आणि मग त्याने तो उचलून मांडीवर घेतला.

उत्कर्षा आली. तिने मूठ पुढे केली आणि उघडली. तळहातावर एक कोकरू होतं. एक पाय आखूड, मान तिरकी, डोळे दोन्ही एकाच बाजूला. बिरदेवने ते उलटून पालटून पाहिलं. पट्टा नव्हता.

"ही आपली न्हवं," तो म्हणाला. "कुठं घावली?"

"आपलीच आहे. काल झाली. तू दुपारी झोपला होतास तेव्हा." तिने आवाज बारीक केला. "गोणीतली शेवटची लोकर मी काढून ठेवलीवती. ही माझी. ही कुणाला देणार नाही."

बिरदेवने कोकरू जवळ घेऊन हुंगलं. जावळच होतं. सुलाबाईने ठेवलेलं जावळ पोरीकडे पोचलं होतं, घोंगडी होऊन नव्हे, पण पोचलं होतं. त्याला आनंद झाला, आणि तो एवढा झाला की लपवायला त्याने उगाच नाक शिंकरलं.

"कुणाची ही?" त्याने विचारलं.

"काळतोंडीची."

"काळतोंडी तर खाली गेली की गं. हिला पाजणार कोण?"

हा विचार उत्कर्षाने केला नव्हता. तिचं तोंड पडलं. बिरदेवने काठी ओढली, खुर्चीचे हात दाबून उठला, आणि गुडघ्यांना जे काय म्हणायचं होतं ते ऐकून न घेता दाराकडे निघाला.

मजला एकच होता, पण पायऱ्या उतरायला त्याला वेळ लागला. खालच्या दारावर पितळी पाटी होती. बिरदेवने टोपी नीट केली आणि घंटेचं बटन दाबलं.

नानासोंनी दार उघडलं. त्यांनी बिरदेवकडे पाहिलं, त्याच्या हातातल्या तिरक्या मानेच्या कोकराकडे पाहिलं, मागे उभ्या राहिलेल्या सशाच्या कानांकडे पाहिलं.

"दूध पाजायला आणलंय," बिरदेव म्हणाला. "हेची आय तुमच्याकडं हाय. सांज-सकाळ आणाय लागंल."

नानासो बाजूला सरले, शोकेसची किल्ली आणायला साईराजला आत पाठवलं आणि म्हणाले, "या. बसा. चहा घेणार ना?"